खांदेकरी

साहेबांचा हात खांद्यावर पडला की माणसाचा पाऊण तास गेला, असा आमच्या कार्यालयात हिशेब होता. हात डाव्या खांद्यावर पडला तर विषय कामाचा आणि उजव्यावर पडला तर आयुष्याचा. काम पाऊण तासात आटपे. आयुष्याला मात्र दुपारचा चहा धरून दीड तास लागे. साहेबांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला की दाराशी स्टुलावर बसलेला आमचा शिपाईभाऊ आत डोकं घालून हळूच सांगे, “खांदे सांभाळा रे बाप्पा!” मग कोणी टेबलाखाली पडलेली टाचणी शोधू लागे, कोणी कपाटात तोंड घाले, आणि लेखा शाखेच्या मॅडम फोन कानाला लावून, समोर कोणी नसताना, “हो सर, हो सर,” म्हणत राहत.

साहेबांना ‘खांदेकरी’ हे नाव शिपाईभाऊनंच ठेवलं. खांदेकरी एरवी कोणाला म्हणतात ते मराठी माणसाला सांगायला नको. कोणीतरी त्याला टोकलंच, तर म्हणाला, “त्या कामाले चार जन लागतेत. आपले सायेब एकटेच करतेत. मोठा मानूस!”

कार्यालय कोणतं ते विचारू नका. एवढंच सांगतो, की बुलढाणा जिल्हा कागदावर तेरा तालुक्यांचा असला तरी माणसांच्या बोलण्यात दोनच तुकड्यांचा आहे: घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हे वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव हे खाली. वरच्यांना खालचा उन्हाळा सोसत नाही आणि खालच्यांना वरच्यांची ऐट. आमचे साहेब घाटावरचे आणि कार्यालय घाटाखालचं. रोज एस.टी.नं राजूर घाट उतरून येत आणि संध्याकाळी चढून जात. घाट उतरताना त्यांना विचार सुचत, चढताना झोप लागे. म्हणून आमची सकाळ अवघड जाई आणि संध्याकाळ त्या मानानं बरी.

हे सगळं पुण्याच्या प्रशिक्षणानंतरचं. त्याआधीचे साहेब वेगळे होते. बुटका बांधा, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला पेन, आणि कानावर एक पेन्सिल. पेन्सिलीबद्दल पुढे बोलायचंच आहे. बोलणं बेताचं. नस्ती गेली की नस्ती परत येई, मधे माणूस नसे. मग २०१८ साली वरून पत्र आलं: अधिकाऱ्यांसाठी तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण, विषय नेतृत्व आणि मनुष्यबळ विकास. खरं तर नाव दुसऱ्याच अधिकाऱ्याचं होतं. त्यांच्या घरी लग्न निघालं आणि आमचे साहेब बदली म्हणून गेले. जाताना प्रवासभत्त्याचा अर्ज घेऊन गेले, येताना एक प्लास्टिकची फाइल, एक प्रमाणपत्र आणि माणसं घडवायची प्रतिज्ञा घेऊन आले.

पहिल्याच सोमवारी त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. आमच्या कार्यालयात गोल बसायला जागा नाही. कपाटांमुळे तो गोल केळ्यासारखा झाला. साहेब म्हणाले, “आजपासून मी तुमचा साहेब नाही. मी तुमचा मार्गदर्शक आहे.” बडे बाबूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांना वाटलं, साहेबांची बदली झाली आणि आता नवा साहेब येणार. (मुख्य लिपिकाला आमच्याकडे अजून ‘बडे बाबू’ म्हणतात. इंग्रज गेले, मध्य प्रांत-वऱ्हाड गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, बाबू तेवढे राहिले.)

प्रशिक्षणात त्यांना मुख्य गोष्ट शिकवली होती ती अशी, की साहेबानं उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. समोरच्याच्या पोटातलं उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं. तत्त्व चांगलं आहे, मी नाव ठेवत नाही. पण तत्त्व सहीच्या नस्तीला लावलं की काय होतं ते आम्ही पाहिलं. मी नस्ती पुढे ठेवून म्हणे, “साहेब, सही.” साहेब पेन खाली ठेवून, दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, डोळ्यांत डोळे घालून विचारत, “तुम्हाला काय वाटतं? मी सही करावी का?”

वाटतं म्हणून तर आणली, असं म्हणायची सोय नव्हती.

रजेचंही तेच. ऑक्टोबरात आमच्या एका सहकाऱ्यानं चार दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला. साहेबांनी त्याला बसवलं, पाणी मागवलं, आणि विचारलं, “या रजेतून तुम्हाला नेमकं काय साध्य करायचं आहे?”

“सोयाबीन काढायचंय साहेब.”

“ते झालं काम. मी उद्दिष्ट विचारतोय.”

“पाऊस यायच्या आत काढायचंय.”

साहेब खूश झाले. उद्दिष्टाला मुदत असली पाहिजे, हे त्यांच्या फाइलीत सातव्या पानावर होतं. त्यांनी ते पान त्याला दाखवलं आणि मुदत किती महत्त्वाची यावर ते पाच वाजेपर्यंत बोलले. त्या वर्षी पाऊस दुसऱ्याच दिवशी आला.

मग आली कचोरी. साहेबांनी आणलेल्या कागदांत एक युक्ती होती: चूक दाखवायची तर आधी एक कौतुक, मधे चूक, शेवटी पुन्हा एक कौतुक. पुण्यात त्याला सँडविच म्हणत असतील. घाटाखाली सँडविच कोण खातं? शेगाव स्टेशनावर गाडी थांबली की जी मिळते ती आमची. वरून खुसखुशीत, आत मिरची, आणि खाऊन झाल्यावर पाणी शोधत हिंडायचं. त्यामुळे केबिनमधून कोणी घाम पुसत बाहेर आला की बाकीचे विचारत, “भेटली का कचोरी?” पुढे पुढे तर साहेबांनी खरोखरच कोणाचं अक्षर छान म्हटलं तरी तो माणूस हबके. शिपाईभाऊला एकदा ते म्हणाले, “तुमचा चहा फार उत्तम असतो.” हा बाहेर येऊन डोक्याला हात लावून बसला. “पह्यलं कौतुक झालं,” म्हणाला, “मंग फोन आला अन् सायेब तिकडंच लागले. आता मधलं काय होतं ते मले कोन सांगन?” दोन दिवस तो त्या मधल्याच्या धाकात होता. त्या दोन दिवसांत चहा मात्र खरोखर उत्तम झाला, हेही नोंदवलं पाहिजे.

गोपनीय अहवालाचा मोसम आणि अक्षय्य तृतीया आमच्याकडे जवळजवळच येतात. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, पाण्याची घागर, पापड, कुरडई, पानाचा विडा ठेवतात, रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही, आणि पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून पाऊसपाण्याचं, पिकांचं आणि राजाच्या गादीचं भाकीत सांगतात. विडा जागचा हलला नाही तर गादी शाबूत. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांना हे मान्य नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण पंचक्रोशीतला शेतकरी ऐकायला जातो तो जातोच. साहेब पूर्वी गोपनीय अहवाल असाच भरत. रात्री एकटे बसून, कोणाला न सांगता. सकाळी कळे कोण कुठे सरकला ते. आता मात्र ते प्रत्येकाला समोर बसवून एक तक्ता भरून घेऊ लागले. त्यातला शेवटचा प्रश्न होता: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?

बडे बाबूंच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांनी लिहिलं, ‘घरी.’ लेखावाल्या मॅडमनी लिहिलं, ‘बुलढाण्याला बदली मिळाल्यास, बुलढाण्याला.’ शिपाईभाऊ लिहायच्या भानगडीत पडला नाही. साहेबांनी तोंडीच विचारलं.

“शेगावले,” तो म्हणाला.

“शेगावला कोणत्या पदावर?”

“पंगतीत वाढाले, सायेब. सेवेकऱ्यात नाव दिलं हाय. नंबर लागला तर.”

साहेब गप्प झाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पाहून आम्ही ओळखलं, की आता आपल्याला शेगावला जावं लागणार.

दुसऱ्या शनिवारची सुट्टी त्यात गेली. ‘अभ्यासदौरा’ असं त्याला नाव होतं, खर्च ज्याचा त्यानं. गजानन महाराजांच्या संस्थानाची शिस्त पाहायला नुसते भाविक नाही, व्यवस्थापन शिकणारेसुद्धा येतात, हे साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. महाराज १८७८ साली शेगावात प्रकटले, १९१० साली समाधिस्थ झाले. त्यांच्या नावानं जे उभं राहिलं, त्याला आजचं रूप आलं ते शिवशंकरभाऊ पाटलांच्या हातून. कित्येक दशकं ते संस्थानाचा कारभार पाहत होते, आणि संस्थानाचं पाणीसुद्धा घेत नसत, असं जिल्ह्यात कोणीही सांगतं. भाऊ त्या वेळी हयात होते. (४ ऑगस्ट २०२१ ला ते गेले. करोनाचे दिवस होते, शेवटचं दर्शन अनेकांना घेता आलं नाही.) साहेबांना त्यांना भेटून दोनच प्रश्न विचारायचे होते. भेट झाली नाही ते बरंच झालं. दोन प्रश्न म्हणजे किती वेळ, ते आम्हाला माहीत होतं.

रांगेत वळणावळणावर पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी हात जोडून उभे. लहान असो, म्हातारा असो, कलेक्टर असो, सगळ्यांना एकच शब्द, “माउली”. यांना पगार नाही. आसपासच्या गावांतून, जिल्ह्यांतून आपापली पाळी आली की येतात, सेवा करतात, घरी जातात, आणि मागे पुढच्यांची यादी तयारच असते. एकाला साहेबांनी गाठलं. साठीचा शेतकरी असावा. हाताला भेगा. साहेबांनी सवयीनं त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

“मला सांगा, तुम्हाला या कामाची प्रेरणा नेमकी कुठून मिळते?”

त्यानं जोडलेले हात सोडले नाहीत. “माउली, मागं लाइन थांबली. पुढं व्हा.”

साहेब पुढे झाले. परतीच्या गाडीत त्यांनी वहीत लिहिलं: ‘संवाद थोडक्यात असावा.’ आणि हे वाक्य आम्हाला समजावून सांगायला त्यांनी नांदुऱ्यापर्यंत वेळ घेतला.

रोडग्यांच्या कार्यक्रमाबद्दल फार लिहीत नाही. संघभावना वाढवायला म्हणून एका शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी केली. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे. साहेबांनी प्रत्येकाला त्याच्या नेहमीच्या कामापेक्षा वेगळं काम दिलं. लेखावाल्या मॅडम आरापाशी, शिपाईभाऊ हिशेबाला. रोडगे आत कच्चे राहिले. हिशेब मात्र पैशापैशाला जुळला.

आता पेन्सिल.

पुण्याला जाण्याआधी साहेबांना एक व्यसन होतं. खालून आलेली टिप्पणी ते पेन्सिलीशिवाय वाचत नसत. लाल शाई त्यांनी कधी वापरली नाही. साधी शिसपेन्सिल, हलका हात, समासात बारीक अक्षर. मी नवा कनिष्ठ सहायक असताना लिहिलं होतं, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ समासात आलं: ‘कोणती? कोणी?’ मी लिहिलं, ‘यथावकाश अहवाल सादर करण्यात येईल.’ समासात: ‘तारीख.’ मी लिहिलं, ‘सदर प्रकरणी सखोल चौकशी केली असता.’ त्यातल्या ‘सखोल’भोवती गोल, आणि खाली: ‘किती हात?’ विहीर आहे का ही, असं मी पुटपुटलो होतो. एकदा एकाच पत्रात मी वर ‘बुलडाणा’ आणि खाली ‘बुलढाणा’ लिहिलं. दोन्हीला गोल. ‘एका पत्रात एकच गाव असू द्या.’ आता हे गाव मुळात भिलठाणा होतं म्हणतात, आणि डाणा की ढाणा यावर सरकारी पाट्यांचंही एकमत नव्हतं. पण साहेबांचं म्हणणं गावाबद्दल नव्हतंच. लिहिणाऱ्यानं एकदा काय ते ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांची एकच कसोटी होती. टिप्पणी वाचून सही करणाऱ्याला जर लिहिणाऱ्याला बोलवावं लागलं, तर टिप्पणी नापास. तीन-तीनदा परत यायची. पावणेसहाला कार्यालय सुटायचं आणि साडेसहाला मी चौथ्यांदा तेच वाक्य लिहीत असायचो. बडे बाबू म्हणत, “चालू द्या. मी लखिना पॅटर्नच्या काळात नोकरीला लागलोय.” अनिलकुमार लखिना ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते, त्यांनी दप्तर कसं लावावं ते लावून दाखवलं, आणि मग अख्ख्या राज्यातले बाबू गठ्ठे बांधू लागले. “तेव्हाही सगळे शिव्याच देत होते,” बडे बाबू म्हणत, “पण कागद सापडायला लागले.”

पुण्यात साहेबांना सांगण्यात आलं, की हाताखालच्याचं काम स्वतः दुरुस्त करत बसणं हा साहेबाचा मोठा दुर्गुण. त्यानं माणसाचा आत्मविश्वास खचतो. साहेबांना हे मनापासून लागलं. आल्या आल्या त्यांनी पेन्सिल खणात टाकली, खणाला कुलूप घातलं आणि किल्ली शिपाईभाऊकडे दिली. तंबाखू सोडलेला माणूस पुडी बायकोकडे देतो, तसं. मग टिप्पणी समोर आली की त्यांचा उजवा हात नुसता कानाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. दुसऱ्या आठवड्यात माझ्या नस्तीत जेवणाच्या सुट्टीनंतर मला बारीक खुणा दिसल्या. शिपाईभाऊ म्हणाला, “मी काय करू? सायेब म्हनाले, पाच मिनिटं दे फक्त.” पुढे हे रोजचंच झालं. साहेब सगळ्यांसमोर विचारत, “तुम्हाला काय वाटतं?” आणि दीड ते दोनच्या दरम्यान, दार लोटून, स्वतःला काय वाटतं ते समासात लिहीत. आम्ही खुणा पाहून मुकाट्यानं दुरुस्ती करायचो आणि पेन्सिलीच्या रेघा रबरानं पुसून टाकायचो. साहेबांना वाटे आम्हाला कळत नाही. आम्हाला कळतं हे त्यांना कळू नये, याची काळजी आमचं सगळं कार्यालय घेत होतं. संघभावना म्हणतात ती मी तिथेच काय ती पाहिली.

माझं मत विचाराल तर माणसं घडवण्याच्या त्या सगळ्या खटाटोपात कामाचं जे काही झालं ते त्या अर्ध्या तासात झालं. साहेब मात्र शेवटपर्यंत त्याला स्वतःची खोड समजत राहिले.

एकदा मी मोठी चूक केली. अनुदानाच्या मागणीपत्रात १४,५०० चे १,४५,००० लिहून बसलो. पत्र साहेबांच्या सहीनं वर गेलं. वरून खुलासा मागवला. त्या दिवशी साहेबांचा हात माझ्या उजव्या खांद्यावर पडला आणि पुढचा दीड तास मी शून्य या विषयावर ऐकलं. आर्यभटापासून सुरुवात होती. मी घरी जाईपर्यंत मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो. त्या खुलाशाचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

तीन-चार वर्षांनी दप्तर तपासणीच्या आधी मी सहा गठ्ठे लावत होतो. सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. त्यात त्या खुलाशाचा कच्चा मसुदा हाती लागला. साहेबांचं अक्षर आणि त्याच अक्षरावर साहेबांचीच पेन्सिल. ‘सदर चूक लिपिकाच्या नजरचुकीने’ यातल्या ‘लिपिकाच्या नजरचुकीने’ला गोल, वर लिहिलेलं: ‘माझ्या तपासणीत राहिली.’ खाली ‘त्याबद्दल दिलगीर आहे’ यातलं ‘दिलगीर’ खोडून ‘जबाबदार’. आणि ‘यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल’ या वाक्याच्या समासात, सवयीप्रमाणे: ‘कोणती?’

तो कागद मी सहाव्या गठ्ठ्यात घातला नाही. नियमानं ते चूक आहे.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते एक तास दहा मिनिटं बोलले, आणि खांदा कोणाचाच सोडला नाही. मी आता वरिष्ठ सहायक आहे. नव्या मुलाची टिप्पणी वाचताना माझा हात कानाकडे जातो. शिपाईभाऊचा शेगावचा नंबर लागला. पाळी आली की पंगतीत वाढून येतो आणि आल्यावर दोन दिवस आम्हालाही माउली म्हणतो.

परवा साहेबांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तोच आला. पत्रिकेत वर पत्ता छापला होता ‘बुलढाणा’ आणि खाली मंगल कार्यालयाच्या ओळीत ‘बुलडाणा’. खालच्या ‘डा’भोवती पेन्सिलीचा गोल होता आणि बाजूला बारीक अक्षरात ‘ढा’.

मला वाटलं, माझ्यासाठी खास केलं. मी बाकीच्यांच्या पत्रिका पाहिल्या. सगळ्यांवर गोल होता.

“चारशे छापल्या,” शिपाईभाऊ म्हणाला. “दोन रात्री बसले होते.”